रात्रीचे जेवण : किती वाजता आणि कोणाबरोबर?

आमच्या चिकित्सालयातील केसपेपरवर 'आहार' या सदराखाली पूर्वी तीन ओळी असत : शाकाहार की मिश्राहार, जेवणाच्या वेळा, आणि विशेष आवडणारा रस. गेल्या काही वर्षांपासून तेथे चौथी ओळ आली आहे : 'रात्रीचे जेवण कोणाबरोबर?' हा प्रश्न ऐकून रुग्ण प्रथम थबकतो. अनेकांना तो वैद्यकीय प्रश्न वाटतच नाही. बँकेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी तर "टीव्हीबरोबर" असे उत्तर दिले व स्वतःच हसले. आम्ही ते उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले. निदानाच्या दृष्टीने ते पुरेसे होते.

ही चौथी ओळ आली ती एका तेरा वर्षांच्या मुलामुळे. नाशिकच्या सिडको भागातील हे कुटुंब. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे, आई कापडाच्या दुकानात नोकरीस, घरी आजी-आजोबा आणि हा मुलगा. सायंकाळनंतर पोट दुखते, जेवण नकोसे होते आणि सकाळी पोट साफ होत नाही, अशी तक्रार होती. सोनोग्राफी व रक्ताच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या. त्यांत काही निघाले नव्हते. कृमींचा विचारही झाला होता. अग्निमांद्य आणि वाताचे अनुलोमन डोळ्यांसमोर ठेवून आम्ही साधीच योजना केली. रात्रीच्या जेवणात भाताच्या पहिल्या घासाबरोबर तुपातून हिंग्वाष्टक चूर्ण, आणि निजताना कोमट पाण्यातून गंधर्वहरीतकी. सहा आठवडे गेले. उपशय अगदी अल्प.

तिसऱ्या खेपेस मुलाबरोबर आजोबा आले. चूर्ण नियमाने चालू आहे ना, असे विचारताच ते म्हणाले, "चूर्ण देतो हो डॉक्टर, पण पहिला घास कोणता धरायचा तेवढे सांगा."

आम्हांस प्रथम त्यांचा प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी नातवाची सायंकाळ सांगितली. साडेपाचला शाळेतून आल्यावर बिस्किटे. साडेसहाला शिकवणीला निघताना नूडल्स. आठला परत आल्यावर आजीने वाढून ठेवलेली अर्धी पोळी, तीही मोबाइल पाहत. साडेनऊला आई आली की तिच्याबरोबर उभ्या उभ्या दोन घास भात. आजी-आजोबांचे जेवण साडेसातला उरकलेले असे. आई सर्व आवरून दहाच्या सुमारास ओट्याजवळच जेवत असे. वडिलांची दुसरी पाळी असली की त्यांचे ताट झाकलेले, आणि ते उघडायला रात्रीचे साडेबारा. घरात माणसे पाच, स्वयंपाक एक आणि जेवणाच्या वेळा चार. मुलाचे खाणे तर कोणत्याच वेळेत न बसणारे.

ज्या जेवणाला आरंभ नाही त्याचा पहिला घास कोणता धरणार? आमचे औषध चुकले नव्हते. ते ज्या जेवणाला जोडून दिले होते, ते जेवणच त्या घरात अस्तित्वात नव्हते.

त्या दिवशी आम्ही औषध बदलले नाही. केसपेपरवर एवढेच लिहिले की, साडेपाचला घरी केलेले काहीतरी एकदाच खावे, आणि रात्री पावणेनऊला, आईने दुकानातून थोडे लवकर सुटण्याची सोय करून, सर्वांनी एकत्र बसावे. वडिलांची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात पाचही जणांनी बसावे, एरवी चौघांनी. आजोबांना साडेसातची सवय होती, म्हणून वेळ आठ वीसवर आली. ही घासाघीस आमच्यासमोरच झाली. दोन महिन्यांनी मुलाचे पोट दुखणे थांबले होते व तो वरण-भात मागून घेऊ लागला होता. औषधेही चालू होती. त्यामुळे श्रेय कशाला किती द्यावे हे आम्ही सांगू शकत नाही, आणि एका रुग्णावरून सिद्धान्त मांडण्याची इच्छाही नाही. मात्र प्रश्न केसपेपरवर राहिला.

औषधकाल कशावर उभा आहे?

औषधसेवनाचे दहा काल आपण सर्वांनी अभ्यासक्रमात पाठ केले आहेत. प्राग्भक्त, मध्यभक्त, अधोभक्त, सभक्त, सामुद्ग, ग्रास, ग्रासांतर. ही नावे नीट पाहिली तर ध्यानात येते की, यांपैकी बहुतेक काल घड्याळावर नसून जेवणावर मोजलेले आहेत. जेवण हा तेथे स्थिर बिंदू मानला आहे आणि औषध त्याच्या अलीकडे, पलीकडे किंवा मध्ये बसविले आहे. शार्ङ्गधराने तर उदानवायूच्या विकृतीत, म्हणजे स्वरभेदादी व्याधींत, सायंकाळच्या जेवणात घासाबरोबर व घासांच्या मध्ये औषध देण्यास सांगितले आहे, आणि प्राणवायूच्या दुष्टीत सायंभोजनाच्या शेवटी. सायंभोजन हे त्याच्या दृष्टीने सूर्योदयाइतकेच निश्चित घडणारे कर्म होते.

आज आपण 'जेवणानंतर दोन चमचे' असे लिहितो, तेव्हा जेवण ही गोष्ट गृहीत धरतो. औषधी भांडाराचे चालकही पुडीवर तशीच खूण करून देतात. रुग्णाच्या घरी मात्र सायंकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत खाण्याचे तुटक तुटक प्रसंग चालू असतात. चरकांनी ग्रहणीदोषाच्या प्रकरणात समशन, अध्यशन व विषमाशन असे तीन प्रकार वर्णिले आहेत. हितकर व अहितकर एकत्र खाणे, आधीचे पचले नसताना वर खाणे, आणि कमी-अधिक वा अवेळी खाणे. वर सांगितलेल्या मुलाच्या एका सायंकाळीत हे तिन्ही होते, आणि तरीही घरातील प्रत्येकाची प्रामाणिक समजूत अशी होती की मुलगा 'काही खातच नाही'.

या बाबतीत औषधविक्रेत्यांचे निरीक्षण आमच्याहून अधिक सूक्ष्म असते, असा आमचा अनुभव आहे. आमच्या शेजारच्या औषधी भांडाराचे चालक सांगतात की, अविपत्तिकर चूर्ण मागणारी गिऱ्हाइके दोन वेळांना येतात. सकाळी दहाला येतात ती चिठ्ठी घेऊन. रात्री दहानंतर येतात ती चिठ्ठीशिवाय, छातीवर हात ठेवून, आणि त्यांतील निम्मी अजून जेवायची असतात. आम्लपित्ताचा हा रुग्ण आपल्यापर्यंत पोचण्यापूर्वी वर्षभर तरी दुकानाच्या काउंटरवर येऊन गेलेला असतो. तेव्हा त्याला चूर्ण देताना 'घरचे जेवले का?' एवढे विचारण्याची संधी प्रथम औषधविक्रेत्याला मिळते, वैद्याला नंतर.

मौन की गप्पा?

'सर्वांनी एकत्र जेवावे' असे सांगितले की काही अभ्यासू व्यवसायबंधू आक्षेप घेतात. आहारविधीत चरकांनी न बोलता, न हसता, तन्मय होऊन जेवावे असे स्पष्ट सांगितले आहे. मग कुटुंबाने एकत्र बसून गप्पा मारत जेवण्याचे समर्थन आपण कोणत्या आधारावर करता? आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

वाग्भटांच्या अष्टांगहृदयातील मात्राशितीय अध्याय या संदर्भात पुन्हा वाचावा, अशी आमची विनंती आहे. पितर, देव, अतिथी, बालके व गुरुजन यांना तृप्त करून, आश्रित पशुपक्ष्यांचीही विचारपूस करून मग जेवावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे आपल्या ताटाकडे वळण्यापूर्वी घरातील कोण जेवले व कोण राहिले, हे पाहण्याचे कर्तव्य आले. पुढे, अन्नाची निंदा न करता व न बोलता जेवावे, असे आहे. आणि त्याच ओघात, आपल्याला प्रिय असलेले अन्न प्रिय व्यक्तींसह सेवन करावे, असेही आहे. मौन आणि सहवास या दोन गोष्टी वाग्भटांनी एकमेकींच्या शेजारी ठेवल्या. त्यांना त्यांत विरोध दिसला नाही. आपल्याला तो दिसतो, कारण एकत्र बसणे म्हणजे बोलणेच, अशी आपली कल्पना झाली आहे. आपल्या लहानपणी आजोबांच्या शेजारी पाटावर बसून जेवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. ताक वाढू का, मीठ कमी आहे का, यापलीकडे फारसे बोलणे नसे, आणि तरीही ते जेवण एकट्याचे नसे.

बोलत, हसत व अन्यत्र मन ठेवून जेवणाऱ्यास अतिशीघ्र जेवणाऱ्याचेच दोष लागतात, असे चरक म्हणतात. अन्न योग्य मार्गाने व योग्य जागी जात नाही आणि त्यातील गुणदोष कळत नाहीत. या कसोटीवर पाहिले तर आज ताटाशेजारी बोलणाऱ्या माणसाहून ताटाशेजारी ठेवलेला मोबाइल अधिक घातक ठरतो. माणूस निदान मध्ये थांबतो, वाढतो, 'पुरे' म्हणतो. पडद्यावर डोळे लावलेल्या मुलाला घास संपला की भरवणाऱ्याचा हात बदलला, हेसुद्धा कळत नाही. आमचे मत विचाराल तर, घास तोंडात असताना मौन, आणि दोन वाढण्यांच्या मध्ये थोडे बोलणे, एवढी सवलत शास्त्राच्या हेतूला बाधक नाही. ज्यांना पूर्ण मौनाने जेवता येते त्यांनी अवश्य तसे जेवावे. मात्र तेही सर्वांमध्ये बसून.

'निंदा न करता' याचा मूळ रोख अन्नाच्या निंदेकडे आहे. आम्ही मात्र रुग्णांना तो थोडा ताणून सांगतो, हे येथे कबूल केले पाहिजे. ताटावर परीक्षेचे गुण काढायचे नाहीत, हप्त्यांचा हिशेब काढायचा नाही, सुनेच्या माहेरचा विषय काढायचा नाही. योग्य मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांमुळे पचत नाही, हे चरकवचन आपण रुग्णाला सांगतो; पण घरातील दिवसभराची सर्व चिंता व क्रोध गोळा होण्याची ठरलेली जागा बहुधा रात्रीचे ताट हीच असते, याची चौकशी करीत नाही.

जाता जाता एक गोष्ट. 'सहभोजन' हा शब्द आमच्या वडिलांच्या पिढीस उच्चारला तर त्यांना कुटुंब आठवत नसे. १९३० च्या सुमारास रत्नागिरीत व अन्यत्र जातिभेद मोडण्यासाठी जी सहभोजने झाली, ती आठवत. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो, हा त्या काळी मोठा सामाजिक प्रश्न होता. आज तोच शब्द एका छपराखालील चार माणसांविषयी वापरावा लागत आहे.

पंगतीचे शेवटचे पान

एकत्र जेवणाविषयी लिहिणारे बहुतेक लोक 'पूर्वी घरात सगळे एकत्र जेवत' असे लिहितात. आमच्या आठवणीप्रमाणे हे अर्धेच खरे आहे. निफाड तालुक्यातील आमच्या मोठ्या घरात पहिली पंगत पुरुषांची, दुसरी मुलांची, आणि स्त्रिया त्यानंतर. आजी, दोन काकू व आई रात्री दहाच्या पुढे चुलीपाशी बसत. पातेल्यात जे आणि जितके उरले असेल ते त्यांचे जेवण. पाहुणे आले की बरेचदा भाजी संपलेली असे आणि त्या चटणी-भाकरी खात. उष्ण, स्निग्ध, मात्रायुक्त, पूर्वीचे जीर्ण झाल्यावर, इष्ट स्थळी हे आहारविधीचे सर्व नियम त्या घरातील पुरुषांनी पाळले आणि एकाही स्त्रीला पाळता आले नाहीत. आजीचा पांडुरोग आम्ही वैद्यकाचा विद्यार्थी झाल्यावर ओळखला. घराने तो 'बाईमाणसाचा अशक्तपणा' म्हणून तीस वर्षे सांभाळला होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याची कारणे अनेक आहेत. शेवटी जेवणे हे त्यांतील एकच. परंतु मंडूर किंवा लोहकल्प लिहून देताना रुग्णा घरात कितव्या क्रमांकाने जेवते, हे विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या मात्रेचाही विचार करण्यासारखा आहे. तिची मात्रा तिच्या अग्नीने ठरत नाही, पातेल्याने ठरते. कमी उरले तर हीनमात्रा, जास्त उरले तर 'वाया कशाला घालवायचे' म्हणून अतिमात्रा. चाळिशीनंतर वजन वाढू लागलेल्या गृहिणी आमच्याकडे येतात व "मी तर काहीच खात नाही" असे शपथेवर सांगतात. त्यांना आम्ही विचारतो, "मुलांच्या ताटात उरलेले कोण संपवते?" येथे बहुतेक वेळा रुग्णेबरोबर आलेली मुलगीच उत्तर देते.

म्हणून 'एकत्र जेवा' हे पथ्य लिहिताना आम्ही त्याचा अर्थही लिहितो : स्वयंपाक करणारी व्यक्ती धरून सर्वांनी. येथे एक व्यावहारिक अडचण हमखास उभी राहते. आपल्याकडे भाकरी किंवा फुलका तव्यावरून थेट ताटात पडावा, ही अपेक्षा असते. ती पुरी करायची तर एका माणसाला तव्यापाशी उभे राहावेच लागते आणि ते माणूस कोण, हे सांगायला नको. अन्न उष्ण असावे हा नियम आहे खरा. पण चौघांची भाकरी गरम राहावी म्हणून पाचवीने कायम गार खावे, असा अर्थ त्यातून निघत नाही. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर अर्धा तास उत्तम राहतात. याहून सोपा उपाय मुगाच्या खिचडीचा. रात्रीसाठी लघु, तूप घातले की स्निग्ध, कढईतून थेट ताटात गरम, आणि एकदा शिजली की ओट्यापाशी कोणीच लागत नाही. आठवड्यातून दोन रात्री खिचडी-कढी ठरवा, असे आम्ही सांगतो. पुरुष मंडळी सुरुवातीस कुरकुरतात. 'आजारी आहे का कोणी?' हा प्रश्न तर ठरलेलाच.

आधुनिक पाहणी

पाश्चात्त्य देशांत या विषयावर बरेच काम झाले आहे. 'पीडियाट्रिक्स' या अमेरिकी नियतकालिकात २०११ मध्ये १७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत मिळून सुमारे १ लाख ८२ हजार मुले व किशोरवयीन होते. आठवड्यातून तीन वा अधिक वेळा कुटुंबाबरोबर जेवणाऱ्या मुलांमध्ये अतिवजनाची शक्यता १२ टक्क्यांनी, अपथ्यकर पदार्थ खाण्याची २० टक्क्यांनी व खाण्याच्या विकृत सवयींची ३५ टक्क्यांनी कमी आढळली. हे आकडे रुग्णांना सांगण्यास हरकत नाही. मात्र ते जपून सांगावेत. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, अमेरिकेतीलच दोन समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ज्या घरांत एकत्र जेवण होते त्या घरांत मुळातच आर्थिक स्थैर्य व परस्परसंबंध बरे असतात, आणि हे घटक वजा केले तर जेवणाच्या वाट्याला येणारे श्रेय पुष्कळ कमी होते. आपल्याकडेही एकत्र जेवू शकणारे घर हे आधीच काही अंशी निरोगी घर असते. आम्हांस आहारविधी मान्य आहे तो या आकड्यांमुळे नव्हे, तरी आकडे आपल्या बाजूचे दिसले म्हणून त्यांची उलटतपासणी सोडून देणेही योग्य नाही.

कोठे लिहू नये

प्रत्येक पथ्याला अपवाद असतात. प्रमेहाचा रुग्ण इन्सुलिन घेत असेल तर त्याने सर्वांची वाट पाहत ताटकळू नये. त्याची वेळ त्याने पाळावी किंवा घराने त्याची वेळ स्वीकारावी. मंदाग्नीचे वृद्ध सातलाच जेवत असतील तर त्यांना नऊला पुन्हा आग्रहाने ताटावर बसवणे म्हणजे अध्यशनाला निमंत्रण. त्यांनी नुसते जवळ बसावे. आमच्या ओळखीच्या एका जैन कुटुंबात सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आहे व दुकान बंद न करता सर्वजण आळीपाळीने नव्हे तर एकदमच माडीवर जाऊन जेवतात; तेवढा वेळ गल्ला विश्वासू नोकराकडे असतो. वेळ घराने ठरवावी. ती रात्रीचीच असली पाहिजे असे नाही.

आणखी एक अपवाद आम्ही चुकीतून शिकलो. एका महाविद्यालयीन मुलीला अरुचि व वारंवार होणारी छर्दी यांसाठी आम्ही उत्साहाने सहभोजनाचे पथ्य लिहून दिले. पुढच्या वेळी ती एकटी आली आणि खाली पाहत म्हणाली, "आम्ही एकत्र बसलो की भांडण होतं. बाबा पिऊन आलेले असतात." त्या घरात भय व क्रोध ही रात्रीची मुख्य व्यंजने होती आणि आम्ही तिला रोज त्यांच्यापुढे बसण्यास सांगितले होते. ते पथ्य आम्ही तिच्यासमोर खोडले. ती आता मावशीकडे जेवते. ताटावर कोणी रागावते का, किंवा ताटावरून कोणी उठून जाते का, हे विचारल्याशिवाय आम्ही आता हे पथ्य लिहीत नाही.

वैद्याच्या घरी

आता शेवटचा भाग, जो लिहावा की नाही याविषयी आमच्या मनात बराच काळ किंतु होता.

पदवी घेऊन आम्ही व्यवसाय सुरू केला तेव्हा सायंकाळची वेळ सहा ते नऊ अशी फलकावर लिहिली. शेवटचा रुग्ण प्रत्यक्षात दहाला जाई. घरी पोचेपर्यंत साडेदहा. मुले झोपलेली, पत्नी जेवणासाठी थांबलेली किंवा थांबून थकलेली. दिवसभर इतरांना जेवणाच्या वेळा लिहून देऊन आम्ही रात्री अकराला जेवत होतो, आणि साडेअकराला झोपत होतो. स्वतःच्या आम्लपित्तासाठी आम्ही कामदुधा घेत होतो, हेही सांगून टाकतो. आपल्यापैकी कितीजण या वर्णनात स्वतःला ओळखतील, याची आम्हांस कल्पना आहे. सायंकाळची वेळ हीच आपल्या व्यवसायाची मुख्य वेळ. नोकरदार रुग्ण तेव्हाच येतो. औषधी भांडारांचे तर साडेदहापूर्वी शटर पडत नाही. कुटुंबाने एकत्र जेवावे हे ज्यांनी सांगायचे, त्यांचाच उदरनिर्वाह बरोबर त्या वेळेवर अवलंबून आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली व आमचे सायंकाळचे चिकित्सालय काही आठवडे बंद राहिले. तो काळ चिंतेचा होता. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्या आठवड्यांत आम्ही रोज आठला घरी जेवलो. चौथ्या की पाचव्या दिवशी आमच्या धाकट्या मुलीने, तेव्हा ती आठ वर्षांची होती, आईला विचारले, "बाबा डाव्या हातानं पाणी पितात?" आठ वर्षांत तिने आम्हांला जेवताना इतके जवळून पाहिले नव्हते. कामदुधाची गोळी त्याच महिन्यात सुटली. त्याचे कारण वेळ, विश्रांती की आणखी काही, ते असो.

टाळेबंदी उठल्यावर आम्ही फलक बदलला : सायंकाळी पाच ते आठ. पहिल्या सहा महिन्यांत सायंकाळचे रुग्ण जवळजवळ एक चतुर्थांश घटले. काही जुने रुग्ण दुसरीकडे गेले व अद्याप परतले नाहीत. त्याऐवजी सकाळी साडेसातला एक तास वाढवला; पाळीवर जाणारे कामगार त्या वेळेस येऊ लागले. उत्पन्नाची तूट पूर्णपणे भरून निघालेली नाही. आठवड्यातून एक-दोनदा तातडीच्या रुग्णामुळे आमचे ताट आजही मागे राहते. तरुण व्यवसायबंधूंना, ज्यांच्या डोक्यावर जागेच्या कर्जाचे हप्ते आहेत, आम्ही असेच करा म्हणून सांगू शकत नाही. आमच्या मोठ्या मुलाला मात्र आम्ही हे गेल्या दोन वर्षांपासून एक रोगी न गमावताही करता आले असते का, असे विचारतो तेव्हा तो म्हणतो, "बाबा, हा विषय ताटावर नको."

आमच्या शेजारच्या औषधी भांडाराच्या चालकांना दुकान आठला बंद करणे शक्य नाही. त्यांनी वेगळा मार्ग काढला आहे. रात्री पावणेनऊला त्यांच्या पत्नी डबा घेऊन येतात, मुलगा शिकवणीवरून सायकलने थेट दुकानात येतो. काउंटरच्या मागे काढ्यांच्या बाटल्यांच्या खोक्यांवर वर्तमानपत्र अंथरून तिघे जेवतात. शटर अर्धे खाली ओढलेले असते आणि त्यावर मुलाच्या अक्षरात पाटी असते : 'जेवण चालू आहे. वीस मिनिटे.' गिऱ्हाइके बाहेरून वाकून पाहतात. बहुतेक थांबतात. परवा आम्ही तिकडून जात असताना एक गृहस्थ छातीवर हात ठेवून शटरखालून अविपत्तिकर मागत होते. आतून आवाज आला, "देतो. तुम्ही जेवलात का?"